पालथं पडून दिसलेलं

पडद्याच्या ऑपरेशननंतर मला पालथं पडून राहायला सांगितलं. नागपूरच्या डॉक्टरांनी कागदावर गोल काढून समजावलं होतं. डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला पडदा असतो; माझा एका कडेने सुटला होता. तो जागेवर बसवून आत वायूचा बुडबुडा सोडला होता. बुडबुडा वर चढतो, म्हणून तोंड जमिनीकडे असेल तरच तो मागे जाऊन पडद्याला दाबून धरतो. आठवडाभर मान वर करायची नाही. जेवण आणि संडास एवढीच सुटका.

आंधळगावच्या घरी बायकोने पुढच्या खोलीत गादी घातली, छातीखाली उशा दिल्या. उशांच्या पुढे उंबरठ्यापर्यंतची हातभर फरशी दिसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय. मान आखडून जायची, नाकातून पाणी गळायचं. बुडबुड्यामुळे त्या डोळ्यात नुसतं पाणी हलल्यासारखं दिसे.

शेजारचे काका भेटायला आले. त्यांचे पाय समोर थांबले.

"जयभीम! काय बे, सुई पडली का? काय शोधून राहिला?"

"जयभीम काका. मान वर करता येत नाही."

"डोळ्याचं आपरेशन अन् पालथा? मले तर मोतिबिंदूच्या टायमाले उताणं झोपवलं होतं."

"हा मोतिबिंदू नाही काका. मागचा पडदा आहे."

"असन बाबा. आमच्या वक्ती पडदा खिडकीलेच होता."

दारातून मायचं हसू ऐकू आलं. मग ती चहा घेऊन आली आणि तिचे पाय मला पहिल्यांदा नीट दिसले. उंबरठ्याशी आल्यावर उजवा पाय पुढे झाला, बोटांनी फरशी चाचपली, मग टेकला. त्या उंबरठ्यावरून ती चाळीसेक वर्षं ये-जा करत होती. काका गेल्यावर तिने माझा कप माझ्या तोंडाखाली फरशीवर ठेवला आणि किटलीतून चहा ओतला. ओतताना तिचं बोट कपाच्या आत होतं. चहा बोटाला लागला तशी ती थांबली.

"माय, बोट कायले घातलं?"

"साखर विरघळली का पाह्यलं."

"वाफाळलेल्या चहात?"

तिने पदराला बोट पुसल्याचं तेवढं दिसलं.

"किती दिवसांपासून दिसत नाही तुले?"

"दिसते ना. धुकं धुकं दिसते. तूच म्हणलं होतं ना बाबू, मोतिबिंदू हाय, पिकू दे."

म्हटलं होतं. गावातल्या तपासणी शिबिरात तिला सांगितलं होतं की शुगर आहे, तर थेंब टाकून पडदा तपासून घ्या. आमच्याकडे म्हातारपणी नजर कमी झाली की एकच नाव, मोतिबिंदू. आणि तो पिकेपर्यंत थांबायचं. मीही तेच धरून बसलो. धानाचा रोवणा झाला की जाऊ, दिवाळी झाली की जाऊ. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा भंडाऱ्याच्या आमच्या कार्यालयातली बरीच माणसं तिकडे गेली होती. रजा मिळत नाही हे कारण मी तेव्हापासून वापरत होतो. स्वतःच्या डोळ्यापुढे काळी कड सरकायला लागली, तेव्हा मात्र दुसऱ्याच दिवशी रजा मिळाली.

नागपूरला माझी पाळी येईपर्यंत डॉक्टर एका बाईला सांगत होते: साखरेने पडद्याच्या बारीक नसा गळायला लागतात, दुखत नाही, म्हणून कळत नाही. मोतिबिंदू काढला की नजर परत येते. पडद्याचं तसं नाही, उरलेली राखायची असते. हे ऐकताना मला माय आठवली होती. घरी आल्यावर मी ते कुणाला बोललो नव्हतो.

त्या दिवशी बायकोला म्हटलं, उद्या मायले नागपूरले घेऊन जा.

"अन् तुमचे थेंब?"

"मी टाकतो."

त्या दोघी पहाटेच्या एसटीने गेल्या. मी दिवसभर फरशीकडे बघत पडलो. मान जराशी कलवून थेंब चाचपडत टाकले. अर्धे गालावरून ओघळले. उठून दारापर्यंत जावंसं वाटे आणि मान हलवायची भीती वाटे.

दिवेलागणीला दोघी परतल्या. बायकोने उभ्याउभ्याच सांगितलं: उजव्या डोळ्यात रक्त उतरून पडदा ओढला गेलाय, फार उशीर झाला. डाव्याला लेझर आणि दर महिन्याला इंजेक्शन. तो राखता येईल.

माय माझ्याजवळ खाली बसली. तिचे गुडघे दिसत होते आणि मांडीवर ठेवलेले हात.

"सुई डोळ्यातच टोचतेत म्हणे. तुह्यं आपरेशन झालं तेव्हा दुखलं का रे?"

"नाही. बधिर करतेत."

"मग चालते." ती पुढे म्हणाली, "उजवा पहिलेच दाखवला असता तर?"

तिच्या आवाजात राग नव्हता. ती खरंच विचारत होती. मला उत्तर माहीत होतं.

"राहिला असता," मी फरशीकडे बघत म्हणालो.

मान वर करू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्या घटकेला ते माझ्या सोयीचं होतं.