न पिणाऱ्या बाईचं लिव्हर

शामकला समोरून येताना दिसली की केशोरी गावातले पिणारे वाट बदलत. तिचा बाप मोहाच्या दारूनं गेला. पोट फुगलेला, डोळे हळदीसारखे पिवळे झालेला बाप तिनं लहानपणी पाहिला होता. तेव्हापासून दारूचा थेंब तर सोडाच, लग्नात कोणी बाटली उघडली तर ही पंगतीतून उठायची. नवऱ्याची, उदारामची दारू तिनं सोडवली ती त्याचं ताट वाढणं बंद करून. मग गावातल्या बाया गोळा केल्या आणि मुन्नालालचं दारूचं दुकान उठवायचा ध्यास घेतला. प्रत्येक सभेत तिचं एक वाक्य ठरलेलं असायचं.

"लिव्हर सडते थे दारूनंच. दुसऱ्या कायनं नाई."

आता दारूबंदीचं मतदान तोंडावर आलं होतं. बायांनी आडव्या बाटलीच्या चित्रावर शिक्के मारले की दुकान बंद.

आणि नेमका तेव्हाच पोटानं दगा दिला. छातीखालची जळजळ तशी जुनीच होती. ती सोडा प्यायची, ढेकर द्यायची आणि भाताच्या रोवणीला जायची. गर्भपिशवी काढल्यापासून अंग सुटलं होतं, पण त्याचं गावात कौतुकच. खात्यापित्या घरची बाई म्हणत. त्या सकाळी मात्र उलट्या थांबेनात, तेव्हा उदारामनं तिला बसमध्ये घातलं आणि तालुक्याच्या दवाखान्यात नेलं.

तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई तरुण होती. ती म्हणाली, "लिव्हरवर चरबी चढली आहे, बाई. बऱ्यापैकी. आणि पोटात जंतू सापडलाय."

शामकलाला पहिला शब्द तेवढा ऐकू आला. हे दुसऱ्या कोणाचं असेल, पुन्हा पाहा, असं तिनं दोनदा विनवलं. मग ती नवऱ्याकडं वळली आणि डॉक्टरसमोरच विचारलं, "तुमी माह्या भाजीत दारू कालवत होते का?"

उदारामचा जबडाच खाली आला. त्यानं पोरांची शपथ घेतली, देवाची घेतली, बैलजोडीचीही घेतली. डॉक्टरीणबाईला हसू फुटलं होतं, ते शामकलाचा चेहरा पाहून विरलं. मग तिनं सावकाश समजावलं. दारूला न शिवणाऱ्याचंही लिव्हर बिघडतं. वजन वाढलं की चरबी तिथंही साठते. जळजळ असते ती या जंतूची. जाड माणसांत ही दोन दुखणी बरेचदा जोडीनं सापडतात, पण एकानं दुसरं आणलं का, ते अजून कोणाला छातीठोक सांगता येत नाही. जंतूच्या गोळ्या पूर्ण घ्यायच्या, वजन हळूहळू उतरवायचं. या टप्प्यावरून माणूस माघारी फिरू शकतो.

परतीच्या बसमध्ये शामकला खिडकीबाहेर बघत राहिली. उतरताना एवढंच म्हणाली, मतदान होईस्तोवर कोणाजवळ बोलायचं नाही. उदारामनं मान हलवली. पण त्याचाही जीव धसकला होता. संध्याकाळ व्हायच्या आत तो पानठेल्यावर सगळं ओकून मोकळा झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी समाजमंदिरात बायांची सभा होती. दारात मुन्नालाल येऊन उभा राहिला.

"क्या बाई, लिव्हर खराब निकला ना? तुमीच सांगता, सडते थे दारूनंच. मंग माह्याच दुकानातली पेत होत्या, का दुसरीकडून आणत होत्या?"

पुढच्या रांगेतल्या बायांनी नजरा खाली घातल्या. मागून कोणीतरी कुजबुजलं, म्हणूनच तोंड असं लाल दिसते. शामकला सांगायला लागली. चरबी, जंतू, वजन. सांगता सांगता तिचं तिलाच वाटलं की पकडलेला पिणाराही अशाच सबबी सांगतो. एकही मान हलली नाही.

मग भिंतीपासची संध्या उठली. मुन्नालालची बायको. शामकलासारखीच भरल्या अंगाची. ती कधी सभेला येत नसे. आज आली ती गंमत बघायला, असं सगळ्या धरून चालल्या होत्या.

"माह्या बी लिव्हरवर चरबी निघाली," ती नवऱ्याकडं बघत म्हणाली. "पोटात जंतू बी आहे. मंग मी बी तुमच्या दुकानातली पेतो का?"

"घरी चल," मुन्नालाल हळू आवाजात म्हणाला.

"दिवाळीतच सांगतलं डॉक्टरनं. यायनं गोळ्या घेऊ देल्ल्या नाई." आता ती बायांकडं वळली. "म्हणे, दारूवाल्याची बायको लिव्हरची दवा खाते म्हटलं तं लोक काय समजतीन? शामकलाबाई गावभर काय सांगत फिरते, थे ऐकलं नाई का तू?"

बाया आता शामकलाकडं वेगळ्या नजरेनं बघत होत्या, मतं परत आली होती, पण ते तिच्या ध्यानातही आलं नाही. लोक काय समजतील, हे लोकांना शिकवलं कोणी होतं?

"रोज छातीखाली जरते का?" तिनं विचारलं.

"रोज. घास बी नकोसा होते." संध्या कसनुसं हसली. "तरी अंग काही उतरत नाई, बाई."

शामकला बायांमधून वाट काढत तिच्यापाशी गेली. तिचं मनगट धरलं.

"सकाळच्या बसनं चल माह्यासंगं."

"अन् मतदान?"

"थे होत राहीन."

मुन्नालाल दारातच उभा होता. त्या दोघी बाहेर पडायला लागल्या, तेव्हा तो बाजूला सरला.