दीड तासाचं काम

एखादी गोष्ट होणार नाही असं आमच्या मामंजींना कुणी सांगितलं, की ती झालीच म्हणून समजावं. नीट होईल की नाही ही चिंता मात्र त्यांच्या मते शहरी लोकांनी करायची. पिशोरला बारा एकर वाहिलेला माणूस. सासूबाई गेल्यावर जमीन बटईनं देऊन ते आमच्याकडे शहरात, गारखेड्याला राहायला आले, ते एक पत्र्याची पेटी, दोन खुरपी आणि आयुष्यभराचा हट्ट घेऊन. डॉक्टरांनी चहा सोडा म्हणून सांगितलं, त्याच क्षणी त्यांनी सोडला. तेव्हापासून ते रोज तीन वेळा कपभर गरम पाण्यात दूध आणि दोन चमचे साखर घालून पितात आणि "पत्ती नाय त्याच्यात" असं विचारण्याआधीच सांगतात. एकदा औरंगपुऱ्यातून शेणखताचं पोतं आणायचं होतं. रिक्षावाला म्हणाला, चाचा, सामान नहीं चलेगा. मामंजींनी पोतं मांडीवर घेतलं, वर स्वतःची टोपी ठेवली आणि म्हणाले, "हे सामान नाय, आमचा नातू हाय." रिक्षावाला हसत हसत घरापर्यंत आला आणि जाताना थोडं खत त्याच्या घरच्या तुळशीसाठी घेऊन गेला.

आमच्या रो-हाउसपुढं दहा पावलं लांब आणि सहा पावलं रुंद अशी माती आहे. तिला मी बाग म्हणते, माझा नवरा 'पार्किंग होऊ शकलं असतं ती जागा' म्हणतो, आणि मामंजी वावर म्हणतात. सकाळी उठून "वावरात चक्कर मारून येतो" म्हणत ते जे जायचे, ते दीड मिनिटात परत यायचे आणि वावर फारच लवकर संपलं याचा राग आमच्या फाटकावर काढायचे. गुडघे गेलेले, उकिडवं बसायची मनाई. म्हणून दिवाळीनंतर मी एका माळ्याला फोन केला. गुलाबाची छाटणी, चार कुंड्यांची माती बदलायची, फरशीच्या फटींतलं गवत काढायचं, एवढंच किरकोळ काम होतं.

माळ्याचं नाव मिलिंद. चाळिशीचा, शांत, शेंद्र्याच्या कारखान्यांजवळच्या एका वस्तीवर राहणारा. मोटारसायकलवर कात्री, करवत, फावडं बांधून आला. सगळं फिरून पाहिलं आणि म्हणाला, "सहाशे होतील, ताई."

मामंजी खुर्चीतून अर्धे उठले. "महिन्याचे?"

"आजचे, काका."

काका हा शब्दही मामंजींना टोचला असावा. गावात त्यांना सगळे मालक म्हणत. "आमच्या पिशोरला पाचशेत माणूस दिवसभर राबतो. तुझं काम दीड तासाचं!"

"तिथं दिवसभर काम देता, काका. इथं मला दीड तासाला बोलवता. मग उरलेला दिवस मी कुठं ठेवू?" मिलिंदच्या आवाजात जराही चढ नव्हता. "येणं-जाणं, पेट्रोल, कात्रीची धार, सगळं त्याच्यातच आलं."

"गावात आम्ही नुसता आवाज दिला तरी माणसं यायची."

"यायची ना. माझे आजोबा तसेच जायचे. म्हणून तर आमचा बाप गाव सोडून शेंद्र्याला आला." एवढं बोलून तो हसला, हेल्मेट घातलं आणि मला म्हणाला, "ठरलं तर फोन करा, ताई."

 उत्तर नसलं की मामंजी निर्णय घेतात. मोटारसायकल वळणापलीकडं जायच्या आत त्यांनी जाहीर केलं, "या गल्लीत पैसे घेऊन माळी येणार नाय. मी बघतो."

आणि त्यांनी खरंच बघितलं. आधी आमचं वावर, मग शेजारचं, मग करता करता अख्ख्या गल्लीतली अकरा घरं. सकाळी सातला डोक्याला उपरणं, हातात खुरपं, काखेत बसायचा पाट, अशी स्वारी निघायची आणि एकाही घरचा रुपया घ्यायची नाही. मिलिंद या गल्लीत बऱ्याच जणांकडं येत असे, हे आम्हाला नंतर कळलं. त्या दिवसांत त्याला एकेकाचे फोन यायचे बंद झाले एवढंच. फुकट माळी मिळाल्यावर लोकांना आपल्या घरी किती झाडं आहेत ते नव्यानं समजलं. ज्यांच्याकडं एक कोरफड होती त्यांनीही सल्ला मागितला. मग झाडांवरून गोष्टी पुढं सरकल्या. कुणी म्हणालं, आजोबा, खुरपं हातात आहेच तर जरा गटाराचं तोंडही मोकळं करा. कुणी नारळ सोलून घेतला. मी म्हणायची, मामंजी, पुरे आता, गुडघे बघा. ते म्हणायचे, "सहाशे रुपये मागतो काय! दाखवतो त्याला."

एका सकाळी मी ऑफिसला निघताना पाहिलं. कोपऱ्यावरच्या घरातल्या बाई वरच्या गॅलरीत उभ्या होत्या आणि खाली न येता, मोबाइल कानाला तसाच धरून ओरडल्या, "ओ आजोबा! जरा इकडं या!" मामंजी रस्त्याच्या मधोमध थांबले.  आणि गेले. संध्याकाळी त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "त्या बाईला माझं नाव माहीत नसंल का गं?"

तरीही थांबले नाहीत. थांबायला फार मोठं काही घडावं लागलं.

समोर एक निवृत्त प्राध्यापक राहतात. त्यांच्या पत्नी चार वर्षांपासून अंथरुणाला खिळलेल्या आहेत. त्यांच्या खिडकीशी एक मोठी कुंडी आहे मोगऱ्याची. त्यांनी माहेरून, परळीहून आणलेला. उन्हाळ्यात खिडकी उघडली की पलंगावर पडल्या पडल्या त्यांना वास येतो, आणि त्यांचा उन्हाळा म्हणजे तेवढाच. जानेवारीत मामंजींच्या लक्षात आलं, की मोगरा जरा मलूल दिसतोय. त्यांनी घरातल्या पिशवीतून युरिया घेतला आणि कपाशीला टाकावा तसा, मोठ्या प्रेमानं, मूठभर टाकला. प्राध्यापकांच्या बाकीच्या कुंड्यांनाही तोच प्रसाद. आठ दिवसांत पानांच्या कडा करपल्या. मग पानं गळाली. मोगऱ्याच्या नुसत्या काड्या राहिल्या.

प्राध्यापक रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "असू द्या, आजोबा. तुम्ही चांगल्या मनानं केलंत." आणि फाटकाची कडी आतून लावली. त्यामागं खिडकी होती. ती त्यांनी पत्नीला काड्या दिसू नयेत म्हणून बंद करून घेतली होती.

त्या दिवशी मामंजी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेलं धोतर, पांढरी टोपी, कोट अशा लग्नाच्या पोशाखात माझ्यापुढं येऊन उभे राहिले. "गाडी काढ. शेंद्र्याला जायचं."

"फोन करते ना मी मिलिंदला."

"नाय. आवाज देऊन बोलवायचं नाय. आपण जायचं."

जालना रोडच्या ट्रकांमधून मी स्कूटी चालवली, आणि मागं मामंजी एका हातानं टोपी, एका हातानं माझी पर्स धरून बसले. विचारत विचारत वस्तीवर पोचलो. मिलिंद घरीच होता, कामाच्या दिवशी. दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर, आणि दाराशी डब्यांत लावलेली इतकी देखणी शेवंती की मामंजी आधी तिच्यासमोरच थबकले. मिलिंदच्या बायकोनं चहा आणला. मी म्हणणारच होते की ते चहा घेत नाहीत. पण मामंजींनी कप उचलला आणि पत्तीचा, आल्याचा, चांगला कडक चहा शेवटच्या घोटापर्यंत प्याले. तिच्याकडं पाहून म्हणाले, "लई चांगला झालाय, बाई."

मग मिलिंदला म्हणाले, "माझ्या हातून एक झाड मेलंय. मेलंय का, ते तू बघायचं."

"काय टाकलं?"

"युरिया. मूठभर."

मिलिंदनं त्यांच्या हाताकडं पाहिलं. नांगर धरून धरून फावड्यासारखा झालेला तो हात. "काका, ही मूठ वावराची. कुंडीतल्या मुळांनी पळून जावं तरी कुठं?"

"जगंल का?"

"मातीत किती उतरलंय त्याच्यावर हाय. मुळं धुवावी लागतील. सांगता येत नाय."

"किती घेशील?"

 मिलिंद म्हणजे दोन महिने गल्लीतलं काम गेलेला माणूस. त्यानं हजार म्हटले असते तरी मामंजींनी दिले असते, आणि फुकट करतो म्हटलं असतं तर मामंजींना ते जन्मभर पचलं नसतं. तो म्हणाला, "सहाशे."

"चल. अन् उरलेला दिवस बी माझ्याकडंच ठेव. मी येतो हाताखाली."

त्या दिवशी आमच्या गल्लीनं पाहिलं ते असं: प्राध्यापकांनी तेवढ्यापुरती फाटकाची कडी काढलेली, मिलिंद त्यांच्या अंगणात मोगरा कुंडीतून बाहेर काढून बसलेला, आणि आमचे मामंजी त्याला बादल्या आणून देताहेत. आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही. आलं की टाकी, पिंप, पातेली, सगळं भरून ठेवायचं. मुळं धुवायला पाणी लागलं ढीगभर. मामंजींनी आमचं अर्धं पिंप रिकामं केलं आणि त्याची भरपाई म्हणून पुढं चार दिवस आंघोळ केली नाही. ही भरपाई नेमकी कुणाला मिळाली यावर माझं आणि नवऱ्याचं मत वेगळं होतं. मिलिंद जळकी मुळं कापत होता, काड्या आखूड करत होता, माती-वाळू-खत किती ते चिमटीनं दाखवत होता. मामंजी वाकून पाहत होते. मध्येच कुंडी उलटी करून त्यानं बुडाचं भोक दाखवलं. बुजलं होतं. मामंजी म्हणाले, "बारा एकर वाहिली मी. पण मडक्याला भोक लागतं हे मला ठावं नव्हतं."

"कुणी सांगितलंच नाय तर कसं ठावं असंल," मिलिंद म्हणाला.

मग संध्याकाळी मामंजी पुन्हा अकरा घरी गेले. या वेळी खुरपं नव्हतं. प्रत्येक घरी त्यांनी तेच सांगितलं: उद्यापासून मी येणार नाय, मिलिंदभाऊ येतील, फुकट येणार नाय. बहुतेकांना हे आवडलं नाही. कोपऱ्यावरच्या बाई म्हणाल्या, "पण आजोबा, एवढ्याशा कामाला एवढे पैसे? चार कुंड्या तर आहेत."

"बरोबर हाय. चार कुंड्यांना सहाशे जास्तच होतात," मामंजी म्हणाले. "म्हणून आपल्या गल्लीतली चार घरं मिळून शनिवारचा एक दिवस घ्या. त्याचा दिवस भरंल, तुमचं दोनशेत भागंल. अन् घासाघीस करायची असंल तर त्याच्यासंग नाय, माझ्यासंग करायची."

मामंजींशी घासाघीस करायला कुणी आलं नाही. पहिल्या शनिवारी दोन घरं तयार झाली, महिन्यानं सात. मामंजी दर शनिवारी सकाळी फाटकाशी उभे राहून कुठल्या घरी आधी हे ठरवायचे, आणि कुणी मिलिंदला गॅलरीतून हाक मारली की खालून दरडावायचे, "खाली या! माणसाशी बोलायचं तर समोर येऊन बोला!"

मोगऱ्यानं पुष्कळ दिवस काहीच सांगितलं नाही. मामंजी रोज सकाळी रस्ता ओलांडून प्राध्यापकांच्या बंद फाटकाबाहेरून काड्या पाहून यायचे. फेब्रुवारीच्या शेवटी एका काडीला हिरवा ठिपका आला. त्या दिवशी फाटकाची कडी निघाली. एप्रिलात एका संध्याकाळी प्राध्यापक स्वतः आमच्याकडं आले. हातात वाटी, वाटीत सात कळ्या. "हिनं पाठवल्यात," म्हणाले. मामंजींनी त्यातल्या चार मला दिल्या आणि तीन कागदात बांधून ठेवल्या. शनिवारी मिलिंद आला तेव्हा त्या पार सुकल्या होत्या, तरी दिल्याच.

पुढच्या वर्षी मिलिंदला शेंद्र्याच्या एका कंपनीत हिरवळ सांभाळायचं काम लागलं. बांधलेला पगार, घरापासून दहा मिनिटांवर. हे सांगायला तो आला तेव्हा फार अवघडला होता. "शनिवार जमायचे नाहीत आता, काका. नको म्हणून सांगू का त्यांना?"

"येडा हायस का? रोजच्या रोज पुरा दिवस देतायत ना?"

"व्हय."

"मग जा. इथलं गवत काय कुठं पळून चाललंय?"

तो गेल्यावर मात्र मामंजींनी दुसरा माळी पाहू दिला नाही. मी दोन-तीन नावं काढली; प्रत्येकात त्यांना खोट दिसली. गवत वाढलं. गुडघे आणखी बिघडले. "वावरात चक्कर मारून येतो" म्हणणंही कमी झालं. सकाळी खुर्ची अंगणात मांडून ते नुसते बसायचे. फटींतलं गवत बघून माझा जीव जायचा, त्यांचा जात नसे. शनिवारी तेवढे जरा जास्त वेळ बसायचे.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी मिलिंद आला. काम म्हणून नाही, सहज. सुटी होती. आल्या आल्या त्याचा हात सवयीनं अंगणात पडलेल्या आमच्या कात्रीकडं गेला, तर मामंजींनी ती काढून घेतली आणि त्याला स्वतःच्या खुर्चीत बसवलं. दोघं बोलत राहिले. कंपनीतलं गवत कसं यंत्रानं कापतात, पिशोरला यंदा मका कसा झालाय, असलं. मी आत स्वयंपाकाला लागले. थोड्या वेळानं बाहेरचं बोलणं थांबलं म्हणून दारातून डोकावले. आठवडाभर राबून आलेला मिलिंद कोवळ्या उन्हात, मान एका खांद्यावर टाकून गाढ झोपला होता. आणि आमचे मामंजी, डॉक्टरांनी मनाई केलेले, पाटावर कसेबसे टेकून त्याच्या खुर्चीभोवतीचं गवत खुरप्यानं काढत होते. इतक्या हळू, की मातीचाही आवाज होऊ नये.

मला पाहून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मग हातानंच जवळ बोलावलं आणि कानाशी कुजबुजले, "कुकर लावला असशील तर उतरव. शिट्टीनं उठंल तो."

मी आत जाऊन गॅस बंद केला. त्या दिवशी आम्ही अडीचला जेवलो.