लोटाभर ताक आणि मागचे दोन शॉकअप

माझे नाव केशव लक्ष्मण बोरकुटे. वय वर्षे ब्याऐंशी. शिक्षण सातवी; त्यापुढचे सर्व वाचन शब्दकोश उशाशी ठेवून स्वकष्टाने केलेले. नोकरी अमरावती रोडवरच्या वाडी गावात, एका ट्रान्सपोर्ट गोदामात, बिल्टीबाबू म्हणून. बिल्टी म्हणजे मालाची पावती. ती पाहिल्याशिवाय मी आयुष्यात कोणालाही माल सोडला नाही, आणि याचा मला अभिमान आहे.

प्रत्येक गोदामात एक कोपरा असतो. ज्या मालाला मालक येत नाही, तो तिथे साचत जातो. किश्श्यांचेही तसेच होते. कोणी न्यायला येत नाही आणि आपल्याच्याने फेकवतही नाही! त्या कोपऱ्यातले काही नग आज बाहेर काढतो. सर्व एकाच गाडीचे आहेत.

ती गाडी बंडूभाऊ डोंगरेची. बंडूभाऊ कोराडीच्या वीज केंद्रात फिटर. एकोणीसशे सत्तरच्या दशकाच्या अखेरीस गाडी त्याच्याकडे आली, तेव्हाच ती पंचवीस वर्षांची होती. विलायती बनावटीची, चिखलामातीतून आणि उंचवट्यांवरून उड्या मारीत पळवण्यासाठी बांधलेली मोटरसायकल. मँगनीजच्या खाणीतला एक साहेब मायदेशी जाताना ती इथेच सोडून गेला होता. इंजिन ठणठणीत. मागचे दोन्ही शॉकअप, म्हणजे धक्के झेलणाऱ्या नळ्या, मात्र संपलेले. तेल गळून गेलेले आणि स्प्रिंगा बसलेल्या.

* * *

कोराडीच्या पलीकडे मोकळ्या रानात एक क्लब दर हिवाळ्यात मातीच्या शर्यती घेत असे. गाडी आली त्या वर्षी बंडूभाऊ शर्यतीत उतरला आणि दुसऱ्या दिवशी रामदासपेठेत हाडांच्या डॉक्टरांपुढे बसला. सोबत मी आणि त्याची पत्नी इंदूवहिनी.

डॉक्टरांनी पाठीचा एक्स-रे उजेडापुढे धरला आणि काळजीने विचारले, "कोणत्या मजल्यावरून पडलात?"

"पडलो कुठं, डॉक्टरसाहेब? पयले दोन चक्कर तं मी गाडीवर बसूनच होतो!"

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना वहिनींनी निर्णय जाहीर केला. "पुढच्या शर्यतीत गाडीनं यायले एकदा जरी फेकलं, तं किसनले तिथंच बोलावीन आणि गाडी तराजूत घालून देईन!"

किसन म्हणजे वाडीचा भंगारवाला. वहिनी बोलत ते करीत. बंडूभाऊचा ग्रामोफोन दोन वर्षांपूर्वी याच मार्गाने गेला होता.

त्या दिवसापासून बंडूभाऊच्या आयुष्यात एकच प्रश्न उरला: मागचे शॉकअप कोणते बसवावेत?

* * *

असे प्रश्न आमच्याकडे गुलाब मिस्त्रींच्या शेडमध्ये सुटत. शेड गोदामाच्या समोर. मिस्त्रींचा वीस वर्षांचा अनुभव ट्रकचा, आणि त्यांचे मत स्पष्ट होते.

"ट्रकच्या कमानीचा एक पोलादी पाटा कापून लावतो. जल्मात वाकनार नाई!"

"पण मिस्त्री, तो वाकायलाच हवा ना," मी म्हणालो.

"काहून? बाबूजी, लोकायच्या गाड्या वाकतात म्हनून तं माही शेड चालू हाय!"

पाटा कापायला निघालेल्या मिस्त्रींना आवरून आम्ही स्कूटरचे जुने शॉकअप लावून पाहिले. ते चार बोटे आखूड निघाले. गाडी मागच्या पायांवर बसलेल्या कुत्र्यासारखी दिसू लागली. बंडूभाऊ वर चढला, तर त्याचे तोंड थेट आभाळाकडे!

"रस्ता दिसून राहिला का गा?" मिस्त्रींनी विचारले.

"रस्ता नाई दिसत. पन एक घार दिसून राहिली!"

* * *

अखेर मी मध्ये पडलो. साहेबाने गाडीसोबत एक इंग्रजी पुस्तक ठेवले होते. मागच्या चाकाबद्दलची दोन पाने समजून घ्यायला मला सतरा दिवस लागले. पण समजल्यावर पूर्ण समजली. अठराव्या दिवशी शेडमध्ये उभे राहून मी निवेदन केले.

"धक्काशोषक निवडताना दोन मापे लागतात. पहिले, वरच्या व खालच्या छिद्रांतील अंतर. दुसरे, स्वाराचे वजन. कारण स्प्रिंग किती कडक हवी, हे वजनावरून ठरते. स्प्रिंग नरम असेल तर धक्काशोषक तळाला आपटतो. कडक असेल तर दबतच नाही आणि स्वाराला उडवून लावतो."

मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला.

"बाबूजी," मिस्त्री म्हणाले, "शॉकअपले हा तुमचा शब्द बोलून होईपर्यंत गाडी खड्डा वलांडून निंगून जाईन!"

* * *

वजन करायचे कुठे? आमच्या गोदामातला काटा पोत्यांचा. बंडूभाऊ त्यावर उभा राहिला. चौसष्ट किलो.

सवयीने माझा हात बिल्टीबुकाकडे गेला. नग: एक. माल: सजीव. वजन: चौसष्ट किलो. मालाची अवस्था: पाठीकडून दबलेला. वाटेतील मोडतोडीस कंपनी जबाबदार नाही.

वहिनींनी ती बिल्टी वाचली आणि शांतपणे विचारले, "बाबूजी, माल परत पाठवायचा असन तं कोन्या पत्त्यावर पाठवावं लागते?"

* * *

मद्रासच्या एका दुकानाला पत्र गेले. मजकूर माझा. वजन मात्र वाडीच्या रीतीप्रमाणे शिसपेन्सिलीने लिहिले होते. आमच्याकडे वजन अगोदर पेन्सिलीनेच लिहीत, कारण माल निघेपर्यंत ते कोणत्याही बाजूला सरकू शकते. पत्र मी मिस्त्रींकडे छिद्रांचे माप भरायला दिले. त्यांनी ते बंडूभाऊला टपालात टाकायला दिले.

दुकानाचे उलट टपाली कार्ड आले. "आपण कळविलेल्या वजनाचा स्वार एकच आहे काय?"

आम्हां तिघांनाही अपमान वाटला. "आपल्यावर शंका घेऊन राहिला!" बंडूभाऊ म्हणाला.

मी एका ओळीचे उत्तर पाठवले. "स्वार एकच आहे. कृपया माल पाठवावा."

* * *

माल आला, आणि आमच्याच गोदामात आला! माझ्या टेबलापासून आठ पावलांवर लाकडी पेटी. वर माझेच नाव. पण बिल्टीची मूळ प्रत टपालात गहाळ झालेली.

"बाबूजी, उघडा ना गा," बंडूभाऊ अजिजीने म्हणाला. शर्यतीला महिना उरला होता.

"मूळ प्रत?"

"अहो, पेटी तुमची, नाव तुमचं, गोदाम तुमचं!"

"म्हणूनच तर जास्त काळजी घ्यावी लागते."

मूळ प्रत हरवल्यास माल नेणाऱ्याने बिल्टीबाबूकडे लेखी अर्ज करावा, असा नियम होता. मी माल नेणारा या नात्याने अर्ज लिहिला आणि बिल्टीबाबू या नात्याने तो तपासला. त्यात दोन साक्षीदारांच्या सह्या नव्हत्या. अर्ज अपुरा असल्याने मी तो मला परत केला!

बंडूभाऊ त्या दिवसापासून रोज कामावरून सुटला की येई आणि पेटीशेजारी बसून राही. साक्षीदार मिळाले, पण मंजुरीची सही मॅनेजरची लागत होती, आणि ते गावी गेलेले. आल्याबरोबर त्यांनी सही केली आणि म्हणाले, "बोरकुटे, तुम्ही स्वतःला ओळखत नाही का?"

"ओळखतो साहेब. म्हणूनच साक्षीदार घेतले."

* * *

शॉकअप मिस्त्रींनी तासाभरात बसवले. काळे, चकचकीत, अगदी मापाचे. पण वहिनींचा काळ्या चकचकाटावर विश्वास नव्हता.

"मी मागं बसते," त्या म्हणाल्या. "हातात काठोकाठ लोटा घेते ताकाचा. सांडलं तं समजून घ्या."

मडगार्डवर पोत्याची घडी बांधली. पाय टेकायला मिस्त्रींनी दोन दांडे लावून दिले. वहिनींनी पदर खोचला, लोटा धरला आणि गाडी वाडीमागच्या बैलगाडीच्या वाटेने निघाली. ती वाट अशी, की तिच्यावरून जाणाऱ्या बैलांचीही मला दया येई.

पंधरा मिनिटांनी दोघे परतले. वहिनींनी लोटा आमच्यापुढे धरला. ताक काठाला होते.

"देवघरातली समई घेऊन गेली असती तरी इझली नसती," त्या म्हणाल्या. बंडूभाऊच्या डोळ्यांत पाणी आले. मी धक्काशोषक हा शब्द तीनदा उच्चारला, आणि त्या दिवशी मला कोणीही अडवले नाही.

* * *

दुसऱ्या दिवशी बंडूभाऊ एकटाच सरावाला गेला. कोराडीला वीज केंद्राच्या राखेच्या बंधाऱ्याजवळ मोकळी जागा होती. पहिल्याच उंचवट्यावर गाडीने त्याला असे उडवले, की तो थेट राखेत!

दुपारी त्याने घराची कडी वाजवली. वहिनींनी दार उघडले. समोर डोक्यापासून पायापर्यंत एकाच करड्या रंगाचा एक मनुष्य उभा.

"कोन पाहिजे?" वहिनींनी विचारले.

* * *

संध्याकाळी शेडमध्ये चौकशी बसली. मी पत्राची नक्कल काढली. तीत वजन चौऱ्याहत्तर होते. पुस्तकात स्वाराचे वजन बूट-हेल्मेटसह धरावे असे होते. ते सारे मिळून तीन किलो भरले असते. मी दहा धरले, कारण गोदामात चूक करायचीच तर जास्तीच्या बाजूने करावी, असा माझा दंडक होता.

मिस्त्रींनी मान खाली घातली. "बाबूजी, मी त्याचे चौऱ्यान्नव केले. वाडीत बिल्टीवरचं वजन खरं असते का कधी? तुमी चौऱ्याहत्तर लिवलं, म्हनजे माल नव्वदच्या वर असनच!"

आम्ही बंडूभाऊकडे पाहिले.

"मी एकशे पंधरा केले," तो पुटपुटला. "मिस्त्रीचा आकडा म्या कधी खरा मानला?"

वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी बोटांवर हिशेब केला.

"चौसष्ट यायचे आनि एकावन्न माहे. म्हनजे पत्रातून तुमी तिघायनं मिळून मलेच मागं बसवलं की वो!"

शर्यत चार दिवसांवर होती. मद्रासहून दुसरी जोडी येणे शक्य नव्हते. मिस्त्रींनी मागे रेतीचे पोते बांधण्याचा उपाय काढला. मी क्लबाची नियमावली उघडली. ती चार पानांची, इंग्रजीत. आणि संपूर्ण वाचणारा तालुक्यात बहुधा मी एकटाच. नियम अकरावा: गाडीवर कोणताही माल बांधू नये.

मी पुढचे-मागचे नियम पुन्हा वाचले. माल चालणार नाही. नियम बारावा: गाडीवर असणाऱ्या प्रत्येक व्यक्तीने हेल्मेट घालावे. व्यक्ती किती, हे कुठेच लिहिलेले नव्हते.

मी नियमावली मिटली. मिस्त्रींनी पाहिले, बंडूभाऊने पाहिले.

"माह्याकडे काहून पाहून राहिले सारे?" वहिनी म्हणाल्या.

* * *

शर्यतीच्या दिवशी किसन हातगाडी आणि तराजू घेऊन सकाळीच हजर झाला आणि शेवटच्या उंचवट्यापाशी जागा धरून बसला. त्याला वहिनींनीच बोलावले होते. शब्द म्हणजे शब्द.

सात गाड्या रेषेवर आल्या. सातवीवर दोन हेल्मेटे! मागच्या हेल्मेटाखालून हिरवा पदर, आणि पदराआड फडक्याने तोंड बांधलेला लोटा. लोटा कशासाठी, हे आम्ही विचारले नाही.

क्लबाचे सेक्रेटरी निवृत्त फौजी अधिकारी होते. ते शिटी तोंडात धरून धावत आले. "ये क्या तमाशा है? पीछे ये कौन है?"

मी नियमावली त्यांच्यापुढे धरली. त्यांनी अकरावा वाचला, बारावा वाचला, मुखपृष्ठही वाचले. मग क्लब सुरू झाल्यापासून कोणी केला नसेल असा प्रश्न केला: "ये लिखा किसने था?"

"खाली तुमचीच सही हाय साहेब," मिस्त्री म्हणाले.

शिटी वाजली. पहिल्या फेरीत दोन गाड्या पडल्या, दुसरीत एक. बंडूभाऊ न घाईने, न भीतीने, बाजाराला निघाल्यासारखा चालला होता. शेवटची फेरी आली आणि शेवटच्या उंचवट्यापाशी किसन उठून उभा राहिला. गाडी वर गेली. हवेत दोन्ही चाके, हिरवा पदर आणि खाली तराजू, हे सर्व मला एकाच वेळी दिसले.

गाडी उतरली. मागचे दोन्ही शॉकअप दबले, सावकाश वर आले. दोघे बसलेलेच.

सात निघाल्या, चार पोहोचल्या. बंडूभाऊची चौथी.

सेक्रेटरी वही घेऊन उन्हात उभे होते. चौथ्या क्रमांकापुढे काय लिहावे, हे त्यांना सुचत नव्हते. वहिनी खाली उतरल्या. हेल्मेट काढले, पदर सारखा केला, लोट्याचे फडके सोडले आणि लोटा त्यांच्यापुढे धरला.

"घ्या साहेब. सकाळपासून उन्हात उभे आहा."

साहेबांनी लोट्याकडे पाहिले, माझ्या हातातल्या नियमावलीकडे पाहिले, आणि वही काखेत धरून ते उभ्या-उभ्या अर्धा लोटा ताक प्यायले.

मागून किसनने हळूच विचारले, "वहिनी, मंग हा तराजू मी घेऊन जाऊ?"

"जा ना गा. पन उरलेलं ताक तू पिऊन जा!"

* * *

पुढच्या वर्षीपासून क्लबाच्या नियमावलीत बारावा नियम बदलला: गाडीवर एकच व्यक्ती असावी. वाडीत वजने पेन्सिलीनेच लिहिली जात राहिली. बंडूभाऊ पुन्हा शर्यतीत उतरला नाही. दर रविवारी तो आणि वहिनी त्या गाडीवरून शेतावर जात, आणि शॉकअप कधी बदलावे लागले नाहीत.