बिनपगारी कावीळ

लिहायला बसलो खरा, पण आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी काही लिहिलं असेल तर ते मनीऑर्डरच्या कुपनावर, तेही "इकडे सर्व ठीक" एवढंच. कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. शुद्ध काय नि अशुद्ध काय, हे मला अजून दुसऱ्याला विचारावं लागतं. तरी ही हकिगत माझ्याशिवाय दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही. बाकीच्यांना ती सोयीची नाही.

बी.कॉम. झाल्यावर मला अंधेरीच्या एका कंपनीत कारकुनाची जागा मिळाली. गोडाऊनमधून आलेली चलनं मी एका रजिस्टरात उतरवायचो. माझ्या मागच्या टेबलावरचा माणूस ती माझ्या रजिस्टरातून दुसऱ्या रजिस्टरात उतरवायचा. वर्षअखेरीला दोन्ही रजिस्टरं एकाच कपाटात जायची. दुसरं कशाला, असं मी एकदा हेडक्लार्कसाहेबांना भीतभीत विचारलं.

"पहिलं हरवलं तर?" ते म्हणाले.

"आणि कपाटच हरवलं तर?"

त्यांनी माझ्याकडे बघत बराच वेळ चष्मा पुसला.

घाटकोपरला आमच्या चाळीत मात्र माझ्या खुर्चीला मान होता. बाबा जन्मभर गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, उभे राहिले आणि गिरणी बंद पडल्यावर घरी आले. "मी उभा राहिलो तो यानं बसावं म्हणून," असं ते आल्यागेल्याला सांगायचे.

एकदा ऑफिसने मला साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये पंपाचा शाफ्ट आणायला पाठवलं. शाफ्ट तयार नव्हता. मिस्त्री माझ्यादेखत तो लेथवर करत होते. लोखंड गरगर फिरत होतं, त्याचा कीस निळा होऊन वेटोळी घेत खाली पडत होता. मिस्त्री मधेच थांबून माप घ्यायचे आणि पुन्हा केसभर काढायचे. दीड तास मी तिथे उभा होतो. तीन वर्षांत माझ्या हातून झालेलं काहीही कुठे उपयोगी पडलेलं मला माहीत नव्हतं. हा शाफ्ट मात्र संध्याकाळी पंपात बसून पाणी चढवणार होता. मग मी रविवारी तिथे जाऊ लागलो, आणि ऐन आषाढात एक दिवस राजीनामा लिहिला.

बाबांनी त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं टाकलं. हेडक्लार्कसाहेब मात्र फार मायेने बोलले. "बाळ, गरम डोक्याचा कागद आहे हा. थंड होऊ दे माझ्या ड्रॉवरमध्ये. तोवर तू बिनपगारी रजेवर. कर इथे सही."

रजेच्या अर्जावर कारण लिहिलं होतं, कावीळ.

"साहेब, पण मला कावीळ नाही."

"मग काय लिहू? वेड?"

मी सही केली.

मिस्त्री मालवणचे, त्यांच्याकडे असली माया नव्हती. "राजीनाम्याच्या मंजुरीचो कागद हाड, मगे लेथीक हात लाव. एक पाय हापिसात ठेवन हय उभो रवलस तर बोटां जातली." तोवर माझ्या वाट्याला कानस. शिकंज्यात लोखंडी पट्टी धरायची आणि ती सरळ होईस्तोवर घासायची. ती सरळ झाली की मिस्त्री उजेडाकडे धरून बघायचे आणि दुसरी द्यायचे. होळीला त्यांचा लेथवरचा माणूस गावी गेला तो परतलाच नाही. मिस्त्री म्हणाले, "गणपतीपर्यंत तुझ्यासाठी मशीन झाकून ठेवतंय. मगे गावसून दुसरो माणूस घेवन येतलंय."

दर महिन्याला मी मंजुरी मागायला अंधेरीला जायचो आणि नव्या अर्जावर सही करून परतायचो. कावीळ गेली, विषमज्वर झाला, कावीळ उलटली. ऑफिसातल्या लोकांना माझी खरोखरच काळजी वाटू लागली. मागच्या टेबलावरच्याने तर माझा हात धरून बघितला. "अरे, दंड बघ किती सुजलेत तुझे! वाट लागली रे तुझी. तेल-तूप बंद कर आधी."

चाळीतल्या लोकांनी रेशनकार्डाचे फॉर्म माझ्याकडून भरून घेणं थांबवलं. हाताला ग्रीस लागलं की इंग्रजी उतरतं, असा त्यांचा समज असावा. बाबा माझ्याशी बोलत नव्हते, पण माझ्याविषयी कुणी विचारलं तर म्हणायचे, "रजेवर आहे."

गणपतीला पंधरा दिवस उरले तेव्हा मी धीर करून हेडक्लार्कसाहेबांच्या टेबलासमोर उभा राहिलो. "साहेब, आता मंजूर करा. नाहीतर माझं मशीन जाईल."

"थोडं थांब रे. तुझ्या भल्यासाठीच सांगतो ना," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते बघून मलाच अपराधी वाटलं आणि मी आणखी एका काविळीवर सही केली.

आठवड्याभराने ऑफिसचा शिपाई वर्कशॉपच्या दारात हजर. हातात पाकीट.

"घे, मंजूर! हेडक्लार्क स्वतः कागद घेऊन केबिनमध्ये घुसला. दहा मिनिटांत सही."

"असं एकदम कसं काय?"

"एकदम कसलं रे, येड्या! पुतण्या बी.कॉम. पास झाला ना त्याचा, मुलुंडचा. तिसऱ्या खेपेला. आपल्याकडे जागा रिकामी दिसली की मालक ती कापूनच टाकतो. म्हणून तुला वर्षभर आजारी ठेवला. दुपारी बसलासुद्धा तो तुझ्या खुर्चीत."

मिस्त्रींनी पाकिटातला कागद काढला, शिक्का नीट बघितला आणि मशीनवरचं गोणपाट ओढून बाजूला टाकलं. मी शिपायाला विचारलं, पुतण्याचा कुठला विषय राहत होता?

"अकाउंटन्सी."

अकाउंटन्सी माझी बरी होती. साहेबांनी आधी सांगितलं असतं, तर मी रोज मुलुंडला जाऊन त्याला ऑक्टोबरच्या खेपेलाच पास करून घेतलं असतं.