मागे केलेला हात

विद्यापीठाच्या रुग्णालयात दादाच्या खाटेशेजारची खिडकी विद्यापीठाच्याच मैदानाकडे उघडते. कॉलेजात असताना दादा या मैदानावर रिले धावायचा. आता त्याचे स्नायू झिजत चाललेत. जेवताना चमचा मीच धरते. मैदानापलीकडे संशोधन केंद्राची काचेची इमारत आहे. डॉक्टर तिच्याकडे बोट दाखवून म्हणतात, "तिथं काम चालू आहे, ताई. धीर धरा."

पळायला शिकवणारे, दुखणं ओळखणारे आणि त्यावर औषध शोधणारे, सगळे एकाच कुंपणाच्या आत. इतके जवळ, की हाक मारली तर ऐकू जावी. पण हाक मारायची तरी कुणाच्या नावानं?

आज सकाळी मुलं रिलेचा सराव करत होती. एकाच्या हातून बॅटन पडलं.

"वळून बघितलं त्यानं," दादा पुटपुटला. "बघायचं नसतं गं. हात मागे करायचा आणि पळत राहायचं. देणारा येतोच."

थोड्या वेळानं पाहिलं, तर त्याची नजर मैदानावरच होती आणि चादरीवर हात मागे वळलेला, तळवा उघडा.

मी मात्र त्या काचेच्या इमारतीकडे बघितलंच. आज रविवार. तिच्या फाटकाला कुलूप होतं.