माझ्या लग्नातला जर्मन

माझे वडील लष्करी बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. निवृत्त होऊन इस्लामपूरला आले आणि त्यांनी लग्नाचा बँड काढला. लष्करातून त्यांनी एक ट्रंक, भरघोस मिशा आणि एका जर्मन संगीतकाराची कॅसेट आणली होती. पहिल्या महायुद्धानंतर त्या माणसानं मोजक्या वादकांसाठी लिहिलेले तुकडे तिच्यात होते. कुणी एकटा पुढे येऊन वाजवतो आणि बाकीचे त्याच्याशी भांडतात, असं मला ऐकू यायचं. शेजारच्या काकू खिडकीतून सांगायच्या, "टेप गुंतलीया, पेन्सिल घालून फिरवा."

माझं लग्न म्हसवडच्या मुलाशी ठरलं तेव्हा घरोघरी केबल नुकतं येत होतं आणि लोक बँडवाल्यांकडे त्यावरचीच गाणी मागायचे. वडिलांनी जाहीर केलं, "माझ्या पोरीच्या लग्नात जर्मन वाजवनार."

आत्याला वाटलं, जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची पातेली. "आवं दादा, निदान स्टीलची तरी वाजवा. पावनं काय म्हनतील?"

वडिलांनी निवडलेल्या तुकड्याच्या शेवटी सायरन आहे. खराखुरा सायरन, त्या जर्मनानंच तसं लिहून ठेवलंय. व्हायोलिनचं काम क्लॅरिनेटवर आलं, पियानोचं पेटीवर. वाळूनं भरलेला पत्र्याचा डबा त्या जर्मनाच्या मूळ तुकड्यातच होता, आम्ही तो डालड्याचा घेतला. सायरन सांगलीच्या जुन्या बाजारात मिळाला, हातानं फिरवायचा. आई म्हणाली, "ह्यांस्नी येड लागलंय." हे ती स्वतःच्या लग्नापासून म्हणत होती.

लग्न आमच्या वस्तीतल्या पटांगणात झालं. बुद्धवंदना झाली, विधी झाला, आम्ही एकमेकांना हार घातले. पण सासऱ्यांनी एका मंत्र्यांना बोलावलं होतं आणि ते आल्याशिवाय पंगत बसणार नव्हती. ऊन चढलं, मंडळी भुकेनं चिडली. आता कुणी उठून जाणार नाही, हे हेरून वडिलांनी बँडला खूण केली.

सुरुवातीला पोरं नाचायला उठली आणि लगेच बसली. त्या तालावर नाचायला तिसरा पाय लागतो. कॉर्नेटवाला एकीकडे, पेटीवाला भलतीकडे, आणि मधे वडील डोळे मिटून तृप्त. मग डबा खुळखुळला आणि ढोलवाल्यानं सायरनचा दांडा गरगर फिरवला.

"मंत्री आलं!" कुणीतरी ओरडलं.

सायरन म्हणजे लाल दिव्याची गाडी, आम्हाला एवढंच ठाऊक. अख्खा मांडव फाटकाकडे धावला. सगळ्यांत पुढे हार घेऊन सासरे. फाटकात उसाची बैलगाडी उभी होती. मागच्यांना ती दिसेना, म्हणून त्यांनी "विजय असो" सुरू केलं. गाडीवानानं बिचकून हात जोडले.

मांडवात मी, नवरा आणि बँड एवढेच उरलो. आम्ही त्याआधी एकदाच भेटलो होतो, तेही पोह्यांच्या बशीमागून. तो हळूच म्हणाला, "संपलं का अजून हाय?"

"संपलं."

"मग परत वाजवायला सांग की. आता जरा ऐकू तरी येईल."

वडिलांनी पुन्हा वाजवलं, यावेळी सायरन वगळून. नवऱ्यानं शेवटपर्यंत ऐकलं. "कळलं न्हाई," तो त्यांना म्हणाला, "पन मामा, झोप आली न्हाई." वडिलांना आयुष्यात मिळालेली ही सर्वांत मोठी दाद होती. सासरे परतले, कुणाकडेही न बघता हार खांबाला अडकवला आणि आचाऱ्याला म्हणाले, "वाढा." मंत्री आलेच नाहीत.

म्हसवडला निघालेल्या जीपमध्ये सासूबाई माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या. "तुझ्या बापाचं डोकं ठिकानावर हाय का गं?"

मी खरं तेच सांगितलं, "न्हाई."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "आमच्यात समद्यांची ठिकानावर हायती. लय कटाळा येतो."