बायजाकाकूच्या निंबावरचा भोंगा

राजेहो, आंदी चहा पिऊन घ्या. कपात घोट ठेवून आयकू नका, नाई तं नाकातून येईन. मागच्या खेपेस एकाच्या आलता.

साऱ्या जिंदगीत मी लोकाईले लय येडं बनवलं. पन मले जसं मीच बनवलं, तसं अजून कोनंच बनवलं नाई. तेच सांगतो.

तवा मी ग्रामपंचायतीत शिपाई होतो. शिपाई म्हंजे कच्चा, रोजीवरचा. सरपंचाचं डोकं ठिकानावर आहे तं नोकरी आहे. शिक्षन म्हनाल तं सही येते. तेबी कोनं मंधात बोललं तं चुकते.

पुलगावच्या अलीकडे आमचं गाव. पंचायतीत आवाजाची एक मशीन होती. रेडिओ अन् माईक तिले जोडेल, अन् तिच्यातून वायरी निंगून गावात चार भोंग्याईले गेल्या. एक भोंगा पंचायतीवर, एक शाळेवर, एक बुद्धविहाराजवळच्या खांबावर, अन् चौथा बायजाकाकूच्या आंगनातल्या निंबावर. सकाळी रेडिओवर कापसाचे भाव, संध्याकाळी बातम्या, अन् मंधात माहा आवाज, "उद्या नळाले पानी येनार नाई होऽऽ!"

एका पावसाळ्यात वीज पडली. कुठी? शिवारातल्या बाभळीवर. अन् मेली कोन? पंचायतीतली मशीन! बाभूळ उभी, अन् मशीनीतून धूर! म्हनलं हा काय न्याव झाला?

पुलगावहून रज्जाक मिस्त्री आला. मशीन उघडली, वास घेतला, अन् झाकन लावून टाकलं.

"खतम. बिजली तार पकड के अंदर आ गई."

"पन पडली तं दूर ना मिस्त्री!"

"दूर पडी तो क्या? तूने पूरे गाव में तार बांध के रखी. उसको रस्ता मिल गया."

मंग नवी मशीन आली. सरपंचानं मले समोर उभं केलं.

"मारोत्या, हे जळाली तं तू घरी. माह्या साळ्याचा पोरगा तुह्या जागेसाठी बसूनच आहे. अन् हे नीट चालली, तं बीडीओ साहेब येऊन राह्यले पुढच्या महिन्यात, त्याईच्यासमोर तुले पक्का करून टाकतो. समजलं?"

न समजाले काय झालं? बायको तं त्या दिवशीपासून शेजारनीले सांगत फिरे, "आमचे पक्के होऊन राह्यले."

रज्जाकनं मशीनीजवळ खड्डा खनाले लावला. त्यात तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ, अन् वरून पानी. म्हने, "ये अर्थिंग. बिजली आई तो इधर से जमीन में जायेगी. रोज एक बाल्टी पानी डालना. और बादल आये तो सारी तार मशीन से निकाल देना. बस, और कुछ नहीं करना."

और कुछ नहीं करना! पन मी कसा काई न करू? मी इच्यार केला, भोंगे तिकडे दूर दूर लटकून राह्यले. वीज शाळेवरून घुसली तं? घराच्या एका दाराले कडी लावून बाकीचे उघडे ठेवते का कोनी? एक खड्डा चांगला, तं पाच खड्डे किती चांगले!

लागलो कामाले. शाळेजवळ एक खड्डा, विहाराजवळ एक, बायजाकाकूच्या निंबाखाली एक. माईक पारावर राहे, तं पाराखाली एक. भोंगे अन् माईकची दांडी, सारे वायरीनं जमिनीले बांधून टाकले. मीठ आनाले गेलो तं दुकानदार म्हने, "मारोतराव, कैऱ्या तं संपल्या. लोनचं कायचं टाकता?"

म्हनलं, "विजेचं!"

तीन दिवस खड्डे खनन्यातच गेले. चौथ्या दिवशी मशीन सुरू केली, तं भोंग्यातून "गुंऽऽऽऽ".

मले वाटलं रेडिओ बिघडला. रेडिओ काढला, तरी गुंऽऽ. माईक लावला, तं आनखीनच गुंऽऽ. कापसाचे भाव तं आयकूच येत नाई. लोक येऊन दारात उभे. "काय भाव निंगाला?" म्हनलं, "गुं निंगाला!"

मले आठवलं, मिस्त्री म्हने रोज पानी टाकजो. म्हनलं खड्डे सुकले असन. दिली एकेक बादली पाची खड्ड्यात. तं आवाज डबल! म्हनलं मीठ कमी पडलं. टाकलं मीठ. तं शाळेतले मास्तर कानात बोटं घालून बाहेर आले!

काय कटकट होती राजेहो! दुपारभर ऊन तापे, तं आवाज जरासा बसे. मी खुश होऊन बादली घेऊन निंगो, पानी टाको, का पुन्हा गुंऽऽ. जितकी सेवा करो तितकी ते माजे. असं तं मी कोन्या सोयऱ्यातबी पाह्यलं नाई.

अन् वरून बायजाकाकू. भोंगा तिच्या डोक्यावर. दिवसातून चार खेपा पंचायतीत.

"काऊन रे मारोत्या, माह्या निंबावर काय गुनगुनून राह्यलं?"

"काई नाई काकू."

"काई नाई कसं? माहं डोकं उठलं."

पाचव्या खेपेस मी कावलो. अन् कावलो का माहं तोंड सुटते, जुनी खोड. म्हनलं, "काकू, कोनाले सांगू नको. तुह्या भोंग्यात मोहोळ बसलं."

"माय वं!"

मी म्हनलं कोनाले सांगू नको, म्हंजे घंटाभऱ्यात साऱ्या गावाले मालूम. काकूनं निंबाखाली गवऱ्याचा धूर केला. आजूबाजूच्याईनं दारं-खिडक्या लावल्या. एक म्हातारा घोंगडं पांघरून पाराकून घरी गेला. अन् दोघं जनं डब्बे घेऊन आले. काऊन? तं मध घ्याले! म्हने, "आमच्या वाट्याचं ठेवजो."

मी पंचायतीच्या मांगं जाऊन पोट धरून हासलो. सरपंच नाई हासला.

"आठ दिवसावर बीडीओ साहेब आहे, अन् तू मध वाटून राह्यला? साळ्याच्या पोराले सांगू का याले?"

माहं हासू तिथीच आटलं. सायकल काढली अन् पुलगाव गाठलं. मिस्त्री काई लगेच निंगेना. म्हने, हातात कामं आहे, शुक्रवारी येतो. तोवर मशीन बंद ठेवजो, एक बटनबी दाबू नको.

शुक्रवारी आला. माहे खड्डे पाह्यले. एक पाह्यला, दुसरा पाह्यला, अन् तिसऱ्याजवळ मटकन बसला.

"ये किसने किया?"

"म्या केलं. मेहनतीनं केलं."

"अरे बाबा, एक मशीन की एक जमीन! तूने पाच जगह पकडा दी. इस खड्डे से करंट चढता है, तार में से जाता है, उस खड्डे में उतरता है. गोल गोल घूमता है. वोही भुनभुन करता है. और तू रोज पानी पिला के उसका रस्ता चौडा करता है!"

"म्हंजे मीच…"

"तूच!"

चार खड्ड्याच्या वायरी तोडल्या, मशीनीजवळचा एक ठेवला. पंचायतीवरचा भोंगा लावून पाह्यला. राजेहो, काय सांगू! इतका साफ आवाज, का रेडिओवरची बाई श्वास घेते तेबी आयकू ये. जाता जाता मिस्त्री म्हने, "एक बात याद रख. मशीन बंद, तो भुनभुन बंद. मशीन बंद रही और आवाज आई, तो वो बिजली का मामला नहीं."

म्हनलं, "याद ठेवतो." आता मी याद ठेवनारा मानूस आहो का?

सोमवार उजाडला. साहेब अकरा वाजता येनार. दहा वाजता गावातली लाईन गेली. मी म्हनलं येईन, तोवर एक चक्कर मारून घेऊ. बायजाकाकूच्या आंगनात गेलो, तं काकू आंगनाच्या पार त्या कोपऱ्यात, पदर नाकाले लावून उभी.

"मारोत्या, निंबाखाली जाऊ नको. भोंग्यात मोहोळ आहे."

मी असा हासलो! "काकू, ते तुले मीच सांगतलतं ना! खोटं होतं ते. करंट गोल फिरे, त्याचा आवाज होता."

"अरे पन आताबी गुनगुनून राह्यलं."

कान दिला. खरंच, हलकंसं गुंऽऽ. आता साहेब येईन, अन् हे सुरू!

"एखादी वायर राह्यली असन तोडाची," म्हनलं. "शिडी दे."

"अरे, पन मशीन तं बंद आहे ना?"

"बंद आहे."

"अन् गावात लाईनबी नाई."

"नाई."

"मंग करंट कुठून आला?"

आता पाहा, चवथीबी न शिकलेली बाई. तिले समजलं. अन् मी, रज्जाक मिस्त्रीच्या हाताखाली अख्खा शुक्रवार काढेल मानूस, काय म्हनलो आयका. म्हनलो, "काकू, नळ बंद केल्यावर पायपात पानी राह्यते का नाई? तसा वायरीत उरलेला करंट असते. तुले नाई समजनार."

चढलो शिडीवर. भोंगा आठ दिवसापासून बंद, अंधारा, थंडा. आत वायर कुठी आहे म्हनून कोपरापावतर हात घातला.

राजेहो, थो करंट नोता!

पयला डंख बोटाले, दुसरा कानाले, अन् मंग कोन मोजते? मी शिडीवरून उतरलो नाई, शिडीच माह्यासंगं उतरली. आंगनातून पळालो, पारावरून पळालो. सरपंच गावच्या शिवेवर हार घेऊन उभा. समोरून साहेबाची जीप, अन् जीपच्या समोरून मी, मांगं माश्या! साहेबानं काच वर केली. सरपंचानं हार टाकला अन् जीपखाली घुसला.

घंटाभऱ्यानं माश्या बसल्या, लाईन आली, सभा भरली. काकूच्या भोंग्याची वायर काढली होती, बाकीचे सुरू केले. माहे डोये मिटेल, ओठ एवढाले झाले. बायको चुना घेऊन मांगं उभी. सरपंच दात खाऊन म्हने, "बोल. साहेबाचं स्वागत कर. नाई तं नोकरी गेली तुही."

माईक हातात घेतला. तोंड तं उघडेचना. जोर लावला, अन् तिन्ही भोंग्यातून सारखं निंगालं, "गुंऽऽऽऽ! गुंऽऽऽऽ!"

साहेबानं कपाळाले आठ्या घातल्या. "सरपंच, तुम्ही तर म्हणालात मशीनची भुणभुण गेली. हे काय?"

माही नोकरी माह्या डोयासमोरून जाऊन राह्यली होती, अन् डोये मिटेल असूनबी मले ते दिसून राह्यली होती. तितक्यात मांगून बायजाकाकू उठली.

"साहेब, मशीन एकदम चांगली आहे. हा आवाज शिपायाचा व्हय."

साहेब इतका हासला, का चष्मा काढून पुसला. सरपंचाचाबी इलाज नाई राह्यला. त्यानं ठराव मांडला, सभेत हात वर झाले, मी पक्का! साहेबानं कागदावर दोन ओळी लिवल्या, खाली सही केली, शिक्का मारला. मी सरपंचाले इचारलं, "माही आर्डर का?" सरपंच गालात हासला. "ठेव तुह्याजवळ. तुह्याच कामाचं आहे."

कागद काचेत बसवून देवाजवळ लावला. आल्या-गेल्या सोयऱ्याले दाखवो, "बीडीओ साहेबाच्या हातची आर्डर!" वाचाची कोनाची हिंमत? मी बोटानं शिक्काच दाखवो.

दोन वर्सानं रज्जाक मिस्त्री चहाले आला. चष्मा लावला अन् भिताडाजवळ जाऊन मोठ्यानं वाचलं, "यंत्र उत्तम स्थितीत आहे. शिपाई दुरुस्त करून घ्यावा."

बायको चहाची किटली धरून तशीच उभी. कागदाकडे पाह्यलं, मंग मले खालून वरपर्यंत पाह्यलं.

म्हने, "दोन वर्सं झाले मिस्त्री. उदबत्ती दाखवून राह्यलो, पन अजून कोनं दुरुस्त केलं नाई ना बाप्पा!"